पटाच्या दानीवर

पंचांगाने दिवाळीला जे चार-पाच दिवस मंजूर करून दिले आहेत, ते भंडारा जिल्ह्याला कधीच पुरलेले नाहीत. अन्यत्र भाऊबीजेची ओवाळणी आटोपली की आकाशकंदील उतरतात, फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरतो आणि माणसे आपापल्या कचेऱ्यांच्या व दुकानांच्या वाटेला लागतात. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र नेमक्या त्याच सुमारास उत्सवाला तोंड लागते. आज या गावी तर उद्या त्या गावी मंडई भरत जाते, मंडयांची ही रांग सरते न सरते तोच शंकरपटांचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, जाहीरनामे गावोगावच्या पारांवर आणि हल्ली विजेच्या खांबांवर झळकू लागतात, आणि पटाच्या रात्री नाटक हे तर इतके ठरलेले, की होळीपर्यंत या मुलखातला एखादा दर्दी गृहस्थ रोज वेळेवर घरी झोपू लागला, तर त्याची प्रकृती बरी नसावी असे शेजाऱ्यांनी खुशाल समजावे.

या दीर्घ उत्सवाचे कारण धर्मशास्त्रात शोधण्याचे प्रयोजन नाही. ते बांधीतल्या चिखलात आहे. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार ओळखून बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावे दफ्तरी चढलेले, आणि 1951 साली मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारजमा झालेले ते तलाव आजही या भागातील धानाला शेवटचे पाणी पाजतात. मृगापासून रोवणीपर्यंत आणि रोवणीपासून कापणीपर्यंत माणूस व बैल दोघेही गुडघाभर चिखलात उभे असतात. धान रोवायचे तर बांधी आधी चिखलाने कालवावी लागते, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्याच पायांनी केले. दिवाळीच्या आसपास हलके धान कापून होते, मागाहून भारी धानाच्या कडपा उचलून पुंजणे रचले जातात, चुरणे आटोपते, आणि मग वर्षात प्रथमच शेतकऱ्याच्या हाती सवड, कोठीत धान्य आणि खिशात चार पैसे अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. या तिन्हींचा योग साधूनच पूर्वजांनी उत्सवाची तजवीज केली. रिकाम्या कोठीच्या दिवसांत मंडई भरवण्याची कल्पना आमच्याकडे कोणाला सुचली नाही.

उत्सवाची पहिली पूजा अर्थातच गुरांची. बलिप्रतिपदेला गावोगावी गायगोधन होते. गोवारी हा गावाची गुरे राखणारा समाज. वर्षभर दुसऱ्यांच्या गायींमागे रानोमाळ हिंडणाऱ्या या माणसाला त्या एका दिवशी गावात अग्रपूजेचा मान असतो. गायी धुतल्या जातात, शिंगांना रंग आणि मोरपिसे चढतात, आणि डफडी-सनईच्या नादात कळप गावातून मिरवत नेला जातो. मोहाडी तालुक्यातील जांभोरा या गावी तर गोवारी पुरुष स्वतःच रस्त्यात पालथा पडतो आणि गावाचे अख्खे गोधन त्याच्या पाठीवरून तुडवत निघून जाते. ज्या जनावरांची वर्षभर सेवा केली ती आपणास इजा करणार नाहीत, अशी त्या निजलेल्या माणसाची निष्ठा असते. बाहेरगावचे लोक हे दृश्य पाहून डोळे मिटून घेतात. गावकरी गुलाल उधळतात. या खुरांवर एवढा विश्वास टाकणाऱ्या याच समाजाचे 114 जीव, बायका आणि लेकरेसुद्धा, 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर आपल्या हक्कांचे गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या मोर्चात माणसांच्या चेंगराचेंगरीत गेले. हा प्रसंग उत्सवाच्या लेखात नको होता असे कोणी म्हणेल. परंतु मंडईत जेव्हा गोवाऱ्यांची ढाल निघते, उंच बांबूला कापड गुंडाळून वर मोरपिसांचा तुरा खोवलेली ती ढाल नाचवत जेव्हा माणसे देवासारखी गावातून फिरतात, तेव्हा माझ्या पिढीच्या लोकांना तो नोव्हेंबर आठवल्यावाचून राहत नाही.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्याच्या वाचकास सांगितले पाहिजे. ही गावाची जत्राच, पण बहुधा कोणत्याही एका देवस्थानाशी न बांधलेली. तिचे दैवत पाहुणा. शेजारच्या गावांशी दिवसाची टक्कर होऊ नये अशा बेताने प्रत्येक गाव आपली मंडई धरते, कारण टक्कर झाली तर पाहुणे वाटले जातात, आणि पाहुणे वाटले गेलेले गाव पुढले वर्षभर तोंड लपवीत फिरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, त्या मित्रांचे, ज्यांना कोणीही ओळखत नाही असे, मित्रही येतात, आणि ‘बसा जी, पाणी घ्या’ हे सर्वांना सारख्याच अगत्याने म्हटले जाते. दिवसा चौकात दंडार रंगते, रात्री खडी गंमत उभी राहते. आणि या गर्दीत, चहाच्या बशीवर बशी रिकामी होत असताना, उपवर मुलामुलींची चौकशी करणारे वडीलधारे आपले खरे काम उरकून घेतात. आमच्या या मुलखात, झाडीपट्टीत, किती सोयरिकी मंडईच्या ओसरीवर जुळल्या याचा हिशेब कोणत्याही तलाठ्याच्या दफ्तरात मिळायचा नाही. सकाळी बैलाचे दात, खांदा आणि चाल पाहून आलेली तीच अनुभवी नजर संध्याकाळी होऊ घातलेल्या जावयावरून फिरते, तेव्हा त्या बिचाऱ्याने उगाच दोन पावले चालून का दाखवावीत, हे मला फार उशिरा उमगले.

परंतु मंडई ही झाली प्रस्तावना. खरा ग्रंथ पट.

गेल्या माघात चुलबंद नदीच्या काठच्या एका गावचे मला पटाचे बोलावणे होते. बोलावणारे गृहस्थ माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे. त्यांच्या आणि माझ्या वयात फारसे अंतर नसल्यामुळे ते मला ‘इवाई’, म्हणजे व्याही, म्हणून हाक मारतात आणि त्या एका हाकेच्या जोरावर वर्षातून केव्हाही हक्काने वेठीस धरतात. सकाळी आठाच्या सुमारास आम्ही गावाबाहेरच्या पडीत जमिनीकडे निघालो, तेव्हा धुके अजून तलावावरून पुरते उठले नव्हते, आणि तरीही रस्ता ओसंडून वाहत होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून आलेली खेडीच्या खेडी, मोटारसायकलवर तिघे-तिघे बसलेली तरुण पोरे, नऊवारी आणि पाचवारी यांच्या मधली स्वतःची एक पद्धत सांभाळून नेसलेल्या म्हाताऱ्या, आणि छोट्या मालमोटारींत उभे राहून, पाठीवर झुली पांघरून, सरदारांच्या ऐटीत येणारे बैल. पूर्वी पटाचे बैल चालत येत. आता बैल मोटारीतून येतो आणि माणूस चालत येतो. काळाने बैलाला एवढे तरी दिले.

पट ज्या धावपट्टीवर होतो तिला आमच्याकडे दान म्हणतात. दोन दानी शेजारी शेजारी, सरळ रेषेत, दगड-ढेकूळ वेचून आणि पाणी शिंपून बसवलेल्या. दोहोंच्या दुतर्फा माणसांच्या भिंती. काही ठिकाणी जोडी जोडीशी पळते, काही ठिकाणी एकेकटी घड्याळाशी पळते आणि सेकंदाचे तुकडे मोजून निकाल लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा नामांकित पट घड्याळावर चालतो. मला स्वतःला जोडीशी जोडी पळालेली आवडते. घड्याळाशी जिंकण्यात पराक्रम असेल, पण हरलेल्याचा चेहरा पाहायला मिळत नाही, आणि हरलेल्याचा चेहरा हा पटाचा अर्धा रस आहे.

दान जिथून सुटते तिथे मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. छकडा म्हणजे काय, तर दोन हलक्या चाकांवर बसवलेली जवळजवळ नुसती दांडी. तीवर धुरकरी ओणवा बसतो. आमच्यासमोर यजमानांच्या जोडीचा धुरकरी विशी-बाविशीचा, अनवाणी, कमरेला शेला घट्ट आवळलेला, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या सभागृहातला कोरडेपणा. दोन्ही बैल पांढरे, मानेखाली किंचित राखी. एकाच्या कातडीवर माशी बसावी तशी थरथर सारखी उठत होती आणि माशी मात्र कुठेच नव्हती; दुसरा इतका स्तब्ध, की त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ तेवढी तो जिवंत असल्याची साक्ष देत होती. दोन माणसे वेसणीशी, दोन छकड्याच्या मागे. जोडी रेषेवर आणावी तर शेजारची जोडी तिरपी होई. ती सरळ करावी तर ही मागे सरे. कोणाचा तरी कासरा चाकात अडके. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक मराठीतून आणि हिंदीतून आळीपाळीने विनवी, ‘भाऊ, जोडी लावा जी, टाइम होऊन राहिला’. आणि कोणालाही घाई नसे. पटात पळण्यास लागणारा वेळ गौण, जोडी लागण्यास लागणारा वेळ मुख्य. नवख्या माणसास याचा वीट येतो. जाणकार तेवढ्यात बैलांचे कुळ, मागल्या वर्षीची शर्यत, मालकाच्या भावकीचा तंटा, यंदाचा धानाचा भाव आणि पुढल्या मंडईचा मुहूर्त एवढे विषय उरकतो.

मग झेंडी पडली. पुढे जे झाले ते मी पाहिले असे म्हणण्यापेक्षा ते माझ्यावरून गेले असे म्हणणे अधिक खरे होईल. खुरांचा आवाज आधी पायांच्या तळव्यांना कळला, मग कानांना. दोन्ही बैलांची पाठ एका पातळीत, जणू मध्ये जू नसून ती एकच रुंद पाठ असावी, अशी समोरून सरकली. धुरकऱ्याचा एक हात शेपट्यांवर, एक हवेत, तोंडाने कसला तरी स्वर चाललेला, शब्द नव्हे. आणि मग धूळ. धुळीच्या पलीकडून गलका उठला, तो ज्या बाजूने उठला त्यावरून आपली जोडी गेली हे आम्हाला कळले. आमचे यजमान काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

जोडी जिंकते म्हणजे काय जिंकते, हे यजमानांनी मला मग सावलीत बसून समजावून दिले. एक बैल कितीही वेगवान असून उपयोग नाही. दुसरा त्याच्याहून तसूभर मंद असला, तर वेगवान बैल छकडा दानीबाहेर ओढून नेतो आणि सारी मेहनत लोकांच्या गर्दीत शिरते. उजव्या बाजूस पळायची सवय लागलेला बैल डावीकडे जुंपला तर बिथरतो. म्हणून पटाचा खरा शौकीन वेग शोधीत नाही, जुळणी शोधतो. एका बैलासाठी जोडीदार धुंडाळत तो पार वर्ध्याच्या बाजारापर्यंत आणि मध्य प्रदेशातल्या शिवनी-बालाघाटपर्यंत जातो. त्या टापूतली गवळाऊ जात अंगाने हलकी, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजांचे सामानसुमान झपाट्याने हलवण्यासाठी ती जोपासली गेली असे जुने जाणते सांगतात. फौजा गेल्या, तोफा वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसल्या, आणि त्या चपळाईला शोभेल असे एकच काम शिल्लक राहिले, ते हे.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ आपल्या बैलाच्या पायांना ओल्या फडक्याने चोळत बसले होते. त्यांना मी सहज विचारले, की हातात टोचायची तुतारी नसताना बैल पळतो कसा. त्यांनी माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले, ‘घरच्या पोराले कोनी टोचून पळवते का जी?’ उत्तर सुंदर होते. ते पूर्ण खरे मात्र नव्हते, आणि हे त्यांनाही ठाऊक असावे. कारण लोखंडी आर बसवलेली तुतारी, शेपटीला घेतलेला चावा आणि बैलाला पाजलेली दारू या गोष्टी ज्यांनी जुन्या पटांत पाहिल्या आहेत, असे लोक अजून हयात आहेत आणि मी त्यांतलाच एक आहे.

या जागी कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. केंद्र सरकारने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाला खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही अवैध ठरवल्या. तामिळनाडूत 2017 च्या जानेवारीत बंदीविरुद्ध मरीना किनाऱ्याच्या वाळूवर लोक उतरले, त्यामागोमाग महाराष्ट्रानेही आपला दुरुस्ती कायदा केला, तो न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर मुभा मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने या राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. आता पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, 50 हजार रुपयांची अनामत, प्रत्येक जनावरासाठी पशुवैद्यकाचा दाखला, आणि काठी, चाबूक, तुतारी यांपैकी काहीही धुरकऱ्याच्या हाती असता कामा नये. दान हजार मीटरहून लांब नको, आणि नियम मोडल्यास 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. गावकऱ्यांना ही कागदपत्रे जाचतात. मला विचाराल तर न्यायालयाने पटाचे नुकसान केले नाही, उपकार केले. काठीने पळवलेल्या जोडीत धुरकऱ्याचे कसब उरतच नव्हते. आता त्याला बैलाचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि ज्याला तो ओळखता येत नाही तो झेंडी पडल्यावर जागच्या जागीच उभा राहतो, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले. लोक हसले, पण त्याच्या बैलाला कोणी हात लावला नाही. पूर्वी त्या दोघांची, माणसाची आणि जनावराची, धडगत नव्हती.

बंदीची ती सात-आठ वर्षे मात्र जिल्ह्याला जड गेली. लाखनीसारख्या गावांचे पट ज्यांनी बालपणापासून पाहिले, त्यांना माघातला तो रिकामा आठवडा सुतकासारखा वाटे. त्याच काळात ट्रॅक्टर बांधीत उतरले, रोवणीचा चिखल लोखंडी चाकांनी होऊ लागला, आणि बैल घरोघरच्या गोठ्यांतून विकले गेले. पट पुन्हा सुरू झाला तेव्हा बैल होते, परंतु ते पहिले नव्हते. पूर्वी जो बैल आषाढात चिखल तुडवी तोच माघात दानीवर पळे. पट ही काबाडकष्ट करणाऱ्याची सुट्टी होती. आता पटाचा बैल नांगराला लागत नाही, त्याला वेगळा खुराक, वेगळा गडी, आणि किंमत अशी, की तेवढ्यात एखाद्याने बांधीच विकत घ्यावी. पट शौक होता, तो धंदा होऊ लागला आहे, ही गोष्ट यजमानांनी मान्य केली. आणि मान्य केल्यावर लगेच पुढच्या फेरीची जोडी कोणाची याची चौकशी करायला ते उठून गेले.

अर्थात हे केवळ आमच्याच कपाळी लिहिलेले नाही. अमेरिकेत रोडिओ नावाचा जो खेळ आहे, तोही मुळात गुराख्यांचाच. वर्षभर कुरणांवर गुरे वळणाऱ्या, वासरे दोराने धरणाऱ्या आणि अडेल घोडी वठणीस आणणाऱ्या गड्यांनी सुट्टीच्या दिवशी आपसांत लावलेली पैज. वायोमिंगमधल्या शायेन या गावी 1897 साली त्याचा वार्षिक उत्सव सुरू झाला, कॅनडातील कॅलगरी येथे 1912 साली, आणि दोन्ही ठिकाणी भोवताली पाळणे, खाऊची दुकाने व तमाशे यांची अशी जत्रा जमते, की भंडाऱ्याच्या माणसाला तिथे भाषेखेरीज काही परके वाटू नये. तिकडे पिसाळलेल्या वळूच्या पाठीवर एका हाताने दोर धरून 8 सेकंद टिकून राहायचे असते. गंमत अशी, की शंभरांपैकी निम्मे गुण स्वाराचे आणि निम्मे वळूचे. जो वळू अधिक जोराने स्वाराला फेकून देण्याची खटपट करतो त्याला अधिक गुण. जनावराच्या विरोधालाही गुण देण्याची ही न्यायबुद्धी मला आवडते. तरी तिकडे माणूस जनावराच्या विरुद्ध उभा आहे, इकडे तो जनावराच्या मागे बसला आहे, हा भेद उरतोच. आणि आमच्या पटात निवेदक धुरकऱ्याचे नाव विसरला तरी चालते, पण बादल आणि सोन्या ही बैलांची नावे विसरला तर त्याची धडगत नसते. तिथल्या गुराख्यांचीही पुढे व्यावसायिक संघटना झाली आणि शायेनच्या मैदानात धंदेवाईक स्वार उतरू लागले. शौकाचा धंदा होण्याची ही वाट जगभर एकच दिसते.

दुपारी ऊन चढले तसे आम्ही दानीवरून बाजूच्या बाजारात शिरलो. पट हा जितका बैलांचा तितकाच पोराबाळांचा. त्यांना झेंडीशी कर्तव्य नसते, आकाशपाळण्याशी असते. बंदुकीने फुगे फोडण्याचा फळा, रिंग टाकून साबण जिंकण्याचे टेबल, ताजमहालाचा पडदा लावून ताबडतोब फोटो काढून देणारा इसम, टिकल्या-बांगड्यांच्या पाट्या, मुरमुरे-फुटाणे, लाल शेव, आणि तेलाच्या कढईतून एकामागून एक उसळी मारून वर येणारे आलुबोंडे. यांत आमच्या जिल्ह्याची खास चीज म्हणाल तर शिंगाडा. तलावात ढिवरांनी लावलेला, हिवाळ्यात डोंग्यात बसून गळाभर पाण्यातून तोडलेला आणि मोठ्या हंड्यात काळा होईस्तोवर उकडलेला हा शिंगाडा विकत घ्यावा, त्याची दोन शिंगे टाळून मधोमध दाताने फोडावा, आतला पिठूळ, किंचित गोड गर काढून खावा, आणि नंतर दिवसभर बोटांना लागलेला तो काळा डाग घेऊन हिंडावे. विकणारी बाई मापाला दोन शिंगाडे वर टाकते. ते वरचे दोन तिने टाकले नाहीत, तर बाजार वाईट चालला आहे असे समजावे.

संध्याकाळी यजमानांच्या घरी किती पानांची पंगत बसली हे त्यांनाही सांगता आले नसते. ओसरी, अंगण, गोठ्याची मोकळी जागा, सर्वत्र माणसे जेवत होती आणि घरधनीण, कोण कोणाचा हे न विचारता, भात आणि रस्सा वाढीत होती. माझ्या शेजारचे दोन तरुण सकाळी दानीवर यजमानांच्या जोडीविरुद्ध ओरडत होते, हे मी ओळखले. यजमानांनीही ओळखले असावे, कारण त्यांनी त्यांना आग्रह अंमळ जास्तच केला.

आणि मग नाटक. झाडीपट्टीच्या या रंगभूमीची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे. साकोलीस राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि या रंगभूमीचा जो अभ्यास केला, त्यामुळे बाहेरच्या महाराष्ट्राला तिची दखल घ्यावी लागली, आणि 2023 साली गडचिरोलीकडचे नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीच्या दरबारातही तिची वर्दी गेली. पूर्वी गावातलीच माणसे भूमिका करीत. मालगुजार पडदे आणि पेट्रोमॅक्स पुरवी, शाळामास्तर तालमी घेई, आणि गावचा न्हावी सुभद्रा होई. आता वडसा-देसाईगंजच्या कंपन्या ठरवाव्या लागतात; दिवाळी ते होळी त्यांच्या तारखा भरलेल्या असतात, आणि मोठा पट असला तर एकाच गावात एका रात्री दोन-तीन मंडपांत दोन-तीन नाटके परस्परांच्या ध्वनिक्षेपकांना पुरून उरत चालतात. आम्ही ज्या मंडपात बसलो तिथे ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पायथ्याशी, पुढे खुर्च्या, मागे जमीन, आणि जमिनीवर पोती-सतरंज्या अंथरून घरच्या घरी बसावे तशी बसलेली कुटुंबे. दहाची वेळ छापलेली होती. पडदा साडेअकराला उघडला, आणि उशीर झाला असे कोणासही वाटले नाही. कथानकात सावत्र आई, बँकेचे कर्ज, शहरात गेलेला मुलगा आणि विनोदी नोकर असे सगळे होते. विनोदी नोकराच्या प्रत्येक वाक्याला हशा पडे. पण मुलगा बापाच्या सहीने जमीन विकतो त्या प्रवेशात एवढा मोठा मंडप असा गप्प झाला, की शेजारच्या नाटकातले गाणे आमच्याकडे स्पष्ट ऐकू येऊ लागले.

तेव्हा पटही धंदा झाला, नाटकही धंदा झाले. ते व्हायचेच होते, आणि त्यात कोणी अपराध केला असे मला वाटत नाही. धंदा झालेला नाही तो एक पाहुणचार. ज्या घराने दोन एकर बांधीवर वर्ष काढले, ते घर पटाच्या दिवशी अनोळखी माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाही, आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. या जिल्ह्याची प्रेक्षणीय स्थळे दाखवणाऱ्या सरकारी पुस्तिकांत पवनीचे स्तूप असतात, आंबागडचा किल्ला असतो, गोसीखुर्दचे धरण असते. पटाच्या दिवशीची ओसरी कोणत्याही पुस्तिकेत मी पाहिली नाही.

वाचकांपैकी ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी पौष-माघात यावे. मुंबई-हावडा मार्गावर वरठीला भंडारा रोड स्टेशन आहे, लाखनी-साकोलीकडे एस.टी. जाते, आणि कुठल्या गावी पट आहे हे स्टँडवरचा चहावाला सांगतो. हॉटेलात खोली बघू नये. कोणाची तरी ओळख काढावी, आणि ओळख नसेल तर दानीवर उभे राहून एखाद्या जोडीची मनापासून तारीफ करावी, तेवढी ओळख पुरते. जेवणाला नाही म्हणू नये. नाटकाचे तिकीट दुपारीच काढावे, जमिनीचे काढावे, आणि सोबत जाड घोंगडी घ्यावी. माघातली पहाट चुलबंदेच्या काठी फार बोचरी असते आणि नाटक उजाडल्याशिवाय संपत नाही.